फ्यूज खिशात

१२ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनातच घातला आहे. खरोखर जमिनीवर घातला तर मला उठवायला घरात कोणी नाही.

परवा फोनवर आपण वीस मिनिटं ओरडलो, त्यात ‘हॅलो’ आणि ‘ऐकू येतंय का’ यापलीकडे आपली गाडी गेली नाही. शेवटी सूनबाईंनी तुझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, मामा, तुम्ही पत्र लिहा, शेजारी विचारायला लागलेत. म्हणून हे पत्र. चाळीस वर्षं कचेरीत जमिनीचे नकाशे ट्रेस केले, तेव्हा अक्षर तरी वाचायला त्रास होणार नाही.

आता मुद्द्याचं. ही शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिला निरोपात एक काचेची नळी मिळाली होती, तुला आठवत असेल. वीतभर लांब, मधे वेटोळं, दोन्ही टोकांना तार. आत नावापुरता वायू भरलेला. तिला उच्च दाबाची वीज दिली की नळीभर जांभळा उजेड पडतो म्हणे. मुलांना दाखवताना तिला स्वतःलाच पुन्हा पुन्हा बघावंसं वाटायचं. ती नळी आमच्या काचेच्या कपाटात अकरा वर्षं पडून आहे. ही म्हणायची, एकदा लावून बघू या ना. मी म्हणायचो, बघू. ही जाऊन आता चौदा महिने झाले.

तर मी ठरवलंय की नळी पेटवायची. इंटरनेटवर हौशी लोकांचे ढीगभर व्हिडिओ आहेत. जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर काढतात, त्यातून दोन हजार व्होल्ट मिळतात. आमचा ओव्हन नाहीतरी धड गरम करत नाही. मी त्याचं झाकण उघडून ठेवलं आहे. तू जन्मभर दवाखान्यात एक्सरेची मशीनं हाताळलीस, आपल्या घरात तुझ्याइतकं यातलं कोणाला कळतं? चार ओळी लिही. उगाच घाबरवू मात्र नकोस.

तुझा
खटपट्या

१८ जानेवारी

खटपट्या,

आधी ते झाकण परत लाव आणि मग पुढचं वाच. लावलंस? नसशील लावलं, मला माहीत आहे.

लहानपणी तू बाबांचं गजराचं घड्याळ खोललंस, पुन्हा जोडलंस आणि तीन स्क्रू हातात उरले. तेव्हा बाबांनी फक्त कान पिळला होता. हे घड्याळ नाही. उच्च दाबाची वीज दोन प्रकारची असते. एकीत दाब खूप, पण जोर नाही. ती चिमटा काढते, दचकवते आणि सोडून देते. ओव्हनमधल्या विजेत दाबही आहे आणि जोरही आहे. सॉकेटचा झटकासुद्धा काही थोडा नसतो, पण तो खाऊन माणूस बहुतेक वेळा शिव्या देतो. ओव्हनचा बसला तर शिव्या द्यायला उरत नाही. तू व्हिडिओ बघितलेस ते ज्यांना झटका बसला नाही त्यांचे. ज्यांना बसला ते व्हिडिओ टाकायला राहिले नाहीत, एवढं तरी डोकं चालव.

तेव्हा माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. नळी कपाटात छान दिसते.

पण मी तुला ओळखते. पुढच्या दाराने नको म्हटलं की तू मागच्या दाराने जातोस. म्हणून आमच्या एक्सरे विभागातला नियम सांगून ठेवते. मशीनमध्ये ज्याचा हात जाणार, त्याने आधी बोर्डावरचा फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात ठेवायचा. टेबलावर नाही, दुसऱ्याच्या हातात नाही, स्वतःच्या खिशात. काम संपून हात बाहेर येईपर्यंत फ्यूज खिशातून निघत नाही. मग वाटेवरच्या कोणी चुकून बटण दाबलं तरी वीज येत नाही. तीस वर्षं माझ्या ॲप्रनचा उजवा खिसा फ्यूजने लोंबलेला असायचा. दुसरं म्हणजे असलं काम कधी एकट्याने करायचं नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती निवांतपणे लिहीन. सूनबाई बाहेर निघाली आहे, हे पाकीट तिच्याबरोबर द्यायचं आहे.

ताई

२७ जानेवारी

ताई,

पत्र वाचून दोन दिवस ओव्हनकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं.

तुझा फ्यूजचा नियम मला भलताच आवडला. आमच्या बोर्डावर अजून ते जुने चिनी मातीचे फ्यूज आहेत. मी स्वयंपाकघराचा उपसला आणि खिशात घालून घरभर फिरलो. किल्ल्यांवर आपटून वाजतो. उगाचच मोठा अधिकारी झाल्यासारखं वाटलं. मग फ्रिजमधलं दूध नासलं, तेव्हा अधिकार संपला.

एकट्याने करायचं नाही म्हणतेस, तर कोणाला बोलावू ते सांग. या जिन्यात माझं बोलणं फक्त खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी होतं आणि तेही भांडण्यापुरतं. हिच्या कुंड्यांना मी पाणी घातलं की ते त्यांच्या वाळत घातलेल्या शर्टांवर ठिबकतं. ते खालून ओरडतात, मी वरून ‘बरं’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच पाणी घालतो. ही किती घालायची ते मी कधी विचारलं नव्हतं. त्यांना कसं म्हणू, या, माझ्या घरी येऊन जरा बटणापाशी उभे राहा? चहा एकट्याने, जेवण एकट्याने, औषधं एकट्याने. ताई, माझ्याकडे आता एकट्याने सोडून दुसरी पद्धत उरलेली नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, तुझ्या नियमाची अडचण सांगतो आहे.

तुझी ती आणखी एक गोष्ट कोणती, ते तेवढं लिही.

खटपट्या

२ फेब्रुवारी

खटपट्या,

ती गोष्ट विशेष नाही. तू हात घालणार नसशील तर तिची गरजही नाही. आणि तू हात घालणार नाहीस.

सकाळी फिरायला जात जा. कुंड्यांखाली बशा ठेव, म्हणजे त्या माणसाचे शर्ट वाचतील. झाडाला रोज पाणी लागत नाही, मातीत बोट घालून बघायचं. दोन पेरांपर्यंत ओलं लागलं तर घालायचं नाही. वहिनी असंच करायची, मी पाहिलं आहे.

माझे कान आहेत तसेच. घरातले सगळे माझ्याशी बोलताना तोंडं मोठमोठी करतात. मला वाटतं सगळ्यांना दाढदुखी झाली आहे.

जपून राहा.

ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. अक्षर वाकडंतिकडं आलं आहे, त्याकडेही दुर्लक्ष कर. भाजी चिरताना उजव्या हाताच्या बोटाला लागलं. पट्टी बांधून लिहितो आहे. त्यातच शर्टाला इस्त्री करताना डावा तळवा थोडा पोळला. म्हातारपणी माणूस वेंधळा होतो, दुसरं काय. आता दोन्ही बरं आहे.

तू सांगितल्याप्रमाणे बशा आणल्या. खालच्या गृहस्थांशी सध्या बरं चाललं आहे. ते एकदा वरती आले होते. त्यांच्या बायकोने मलम पाठवलं. परवा त्यांनी मातीत बोट घालून दाखवलं आणि म्हणाले, चिखल आहे हा, मुळं कुजतील. मी म्हटलं, माझ्या बहिणीचंही असंच मत आहे.

ओव्हन गॅलरीत काढून ठेवला आहे. त्याचा विषय आता संपला असं धर. फिरायला जातो. दोन दिवस डावा खांदा भरून आला होता, त्यामुळे लांब गेलो नाही.

तुझ्या कानांसाठी ते नवं यंत्र घे ना. किती दिवस सगळ्यांची दाढदुखी बघणार?

खटपट्या

२३ फेब्रुवारी

खटपट्या,

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं.

सुरीने बोट कापतं, ते कबूल. इस्त्रीने तळवा पोळतो, तेही कबूल. पण एकाच आठवड्यात उजवा हात आणि डावा हात, वर खांदा भरून येणं, एरवी भांडणाऱ्या माणसाने वर येणं आणि त्याच्या बायकोने मलम पाठवणं. अरे, मी तीस वर्षं लोकांची हाडं आरपार बघितली आहेत. तुझं पत्र काय मला दिसणार नाही? वीज एका हातातून आत शिरते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते. मधे काय असतं ते तुला माहीत आहे. तुझं काळीज असतं.

मला खरं लिही. आणि दुसरं एक विचारते, तेही खरं लिही. पत्रात विचारते, कारण फोनवर विचारलं तर तू हसण्यावारी नेशील आणि ते हसू मला ऐकूही येणार नाही. तुला वहिनीच्या मागे जायचं आहे का? त्या नळीचं निमित्त करून तू तेच शोधतो आहेस का?

मी ओरडणार नाही. फक्त लवकर लिही. पोस्टमन येतो त्या वेळी मी हल्ली दारातच बसलेली असते.

ताई

१ मार्च

ताई,

खरं लिहितो.

त्या दिवशी दुपारी मी ओव्हन एकदा चालू करून बघितला. नुसता ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे की नाही ते कळावं म्हणून. चांगला घरघरला. बंद केला. प्लग काढला. मग तुझा नियम आठवला म्हणून बोर्डावरचा फ्यूजही उपसला आणि खिशात घातला. खिशावर हात ठेवून खात्री केली. मनात म्हटलं, आता जगातली कुठलीही वीज या डब्यात येऊ शकत नाही. आणि दोन्ही हात आत घातले.

पुढचं मला नीट आठवत नाही. कोणीतरी दोन्ही दंड धरून भिंतीवर फेकावं तसं झालं. शुद्धीवर आलो तेव्हा फरशीवर पडलो होतो, पंख्याकडे बघत. छातीत घोडा दौडत होता. डोळ्यासमोर काचेचं कपाट आणि त्यात ती नळी.

तू विचारलंस त्याचं उत्तर मला त्या फरशीवर मिळालं. तोपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. मी तिथे पडून विचार करत होतो की इस्त्रीवाला गुरुवारी येतो आणि आज सोमवार आहे. मला कोणी शोधेपर्यंत तीन दिवस जातील. कुंड्या वाळतील. आणि मला ते नको होतं, ताई. एकदम लहान मुलासारखं रडू आलं की मला ते नको आहे. गेले पंधरा महिने कोणी विचारलं असतं तर ‘आता काय राहिलंय’ असंच म्हटलं असतं. पण वेळ आली तेव्हा मला राहायचं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. खालचे गृहस्थ. वरती धाडकन काय आदळलं ते विचारायला, म्हणजे भांडायलाच आले होते. मी कसंबसं दार उघडलं आणि म्हटलं, कपाट पडलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. कपाट उभं होतं. मग त्यांनी माझे हात पाहिले आणि मला धरून खुर्चीवर बसवलं. त्यांनीच डॉक्टरांकडे नेलं. छातीचा आलेख काढला, तो ठीक आहे. शपथ घेऊन सांगतो.

पण मला एक कळलेलं नाही. प्लग काढलेला होता. फ्यूज खिशात होता. मी सगळं तू सांगितलं तसंच केलं होतं. मग झटका आला कुठून?

खटपट्या

७ मार्च

खटपट्या,

तुझं शेवटचं वाक्य वाचल्यापासून मी जेवले नाही असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल, पण दोन दिवस खरंच घास उतरला नाही. तू माझ्यामुळे पडलास. मी तुला अर्धाच नियम सांगितला होता. उरलेला अर्धा मी बावीस वर्षांत कोणालाच सांगू शकलेले नाही.

ओव्हनमध्ये ट्रान्सफॉर्मरशेजारी एक लहानसा चपटा डबा असतो. त्याला कपॅसिटर म्हणतात. तो वीज साठवतो. बाहेरची वीज बंद केली, फ्यूज काढला, तरी आतला साठा तसाच राहतो. तो आपोआप ओसरावा अशी सोय केलेली असते, पण जुन्या डब्यात ती बिघडलेली असू शकते. तुला बसली ती वीज बाहेरून आली नव्हती. ती आतच होती.

आमच्याकडे तसलेच डबे होते, तुझ्याहून कितीतरी मोठे. ते रिकामे करायला जमिनीला जोडलेली तार लावलेली एक लांब काठी असायची. फ्यूज खिशात घालायचा, मग काठी डब्याला टेकवायची. चट्ट आवाज व्हायचा, साठा निघून जायचा. पण काठी तिथून काढायची नाही. हात बाहेर येईपर्यंत ती तशीच अडकवून ठेवायची. कारण हे डबे एकदा रिकामे करून भागत नाही. भिंतीत मुरलेलं पाणी पुसलं तरी थोड्या वेळाने पुन्हा वर येतं ना, तसं यांच्यात मुरलेलं असतं ते परत येतं.

त्या दिवशी वॉर्डात ढकलत न्यायचं फिरतं एक्सरे मशीन बिघडलं होतं. दवाखान्याचा मिस्त्री आला. चाळिशीचा, मोजकं बोलणारा, कामाला चोख. मी फ्यूज काढून खिशात घातला. काठी टेकवली, चट्ट आवाज झाला, काठी अडकवून ठेवली. तो पाना घेऊन वाकला आणि म्हणाला, बाई, काठी आड येते आहे. मी ती काढली. मी म्हटलं, “रिकामा केलाय, घाला हात.” मग त्याला एक नट मिळेना, तो शोधण्यात दहाएक मिनिटं गेली. मी पलीकडे फिल्मवर नावं लिहीत होते. आवाज फार मोठा झाला नाही. मी वळले तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढचं त्याहून वाईट आहे. माणसं धावत येण्याआधी मी माझ्या टेबलाशी ठेवलेली ती काठी उचलून तिच्या खुंटीला लावली. का लावली, मला आजही सांगता येत नाही. हाताला सवय होती असं मी स्वतःला सांगत आले. चौकशीत मला विचारलं, फ्यूज काढला होता का? हो. डबा रिकामा केला होता का? हो. दोन्ही खरं होतं. काठी कोणी काढली हे मला कोणी विचारलंच नाही. त्यांनी आपल्याच मनाने लिहिलं की मिस्त्रीने घाईत काढली असावी. त्याच्या बायकोलाही तेच सांगितलं. ती माझ्यासमोर हात जोडून म्हणाली, बाई, तुम्हाला त्यांच्या चुकीचा त्रास झाला. मी गप्प बसले.

मी निवृत्तीच्या पाच वर्षं आधी नोकरी सोडली ती कानांमुळे नाही. कान तेव्हा चांगले होते.

तुला तो नियम लिहायला बसले तेव्हा ‘काठी’ हा शब्द कागदावर उतरेना. सूनबाईचं निमित्त केलं. तू पुन्हा विचारलंस तेव्हा लिहिलं की ती गोष्ट विशेष नाही. आणि तू दोन्ही हात आत घातलेस.

सोबतच्या डबीत एक फ्यूज आहे. त्या दिवशी माझ्या खिशात राहून गेला, तो मी परत केला नाही. तुझ्याकडे ठेव. आता काय करायचं ते लिहिते आणि यात एक अक्षरही मागे ठेवलेलं नाही. त्या ओव्हनला तू हात लावायचा नाहीस. दुरुस्तीवाल्याला बोलाव. त्याला तो डबा नीट रिकामा करून बाहेर काढायला सांग. मग त्याच्या दोन्ही टोकांना एकच उघडी तार घट्ट गुंडाळून घे आणि ती तार काढू नकोस. कधीच नाही, कोणीही सांगितलं तरी. आणि नळी पेटवायची तर वहिनीच्या शाळेत जा. तिथे तिच्यासाठी वेगळं, बॅटरीवर चालणारं यंत्र असतं, त्यात जोर फार थोडा असतो. त्यांना विचार. माणसांना विचारण्यात कमीपणा नसतो.

तुझी
ताई

१५ मार्च

ताई,

‘तुझी काहीच चूक नव्हती’ असं मी लिहिणार नाही. तसं ऐकायला तू ते पत्र लिहिलेलं नाहीस, आणि मी लिहिलं तरी तुला पटणार नाही. चूक तुझीच होती. पण ती चूक कोणाच्याही हातून झाली असती अशी होती. त्या माणसाचं काम सोपं व्हावं म्हणून तू काठी काढलीस. खुंटीला लावलीस ते घाबरून. इतकी वर्षं ते एकटीने सांभाळलंस, आणि मी कधी साधं विचारलं नाही की कान चांगले असताना ताईने नोकरी का सोडली. मला तेव्हा कळलं होतं की काहीतरी आहे. विचारायचं टाळलं. ती माझी चूक.

आणि तू मला पाडलंस वगैरे मनात आणू नकोस. तू पहिल्याच ओळीत झाकण लाव म्हणाली होतीस. मी लावलं नव्हतं.

एक मात्र लिहितो, राग आला तर येऊ दे. ते पत्र तू मला लिहिलंस. त्यातला अर्धा भाग आणखी एका घरी जायला हवा. ती बाई इतकी वर्षं आपल्या नवऱ्याची चूक समजून जगते आहे. कसं लिहायचं ते मी सांगू शकत नाही. लिहायचं ठरवलंस तर शेजारी बसेन.

दुरुस्तीवाला येऊन गेला. खालचे गृहस्थ बटणापाशी उभे होते, मी दाराबाहेर. डबा रिकामा केला, बाहेर काढला, तार गुंडाळली. मी त्याला तीनदा घट्ट करायला लावली. तो मला चक्रम समजला असणार.

मग शाळेत गेलो. प्रयोगशाळेत आता दुसऱ्या बाई आहेत. मी हिचं नाव सांगितलं तर त्यांनी कपाटाची दारं उघडून दाखवली. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या अजून हिच्याच अक्षरातल्या आहेत. मी एकेक चिठ्ठी वाचून काढली. यंत्र आहे. बाई म्हणाल्या, एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी या, पडदे लावून अंधार करू. पण त्यांचा एक नियम आहे. बटणापाशी एक जाणतं माणूस हवं.

मी म्हटलं, आहे.

फ्यूज परत पाठवत नाही. येऊन घेऊन जा.

खटपट्या

२२ मार्च

खटपट्या,

तू फार बोलायला लागला आहेस. त्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी पोचते. स्टेशनवर खालच्या गृहस्थांनाही आण, माझी बॅग जड आहे. लिहायचा कागद आणि पाकीटही घेऊन येते आहे.

ताई

१६ एप्रिल

ताई,

तू गेल्याला आठ दिवस झाले. घर पुन्हा पहिल्यासारखं शांत आहे, पण पहिल्यासारखं रिकामं वाटत नाही.

त्या शनिवारचं तुझ्याशी बोलायचं राहून गेलं. तू नळीकडे बघतच नव्हतीस. पडदे लावल्यावर तू बटणावर हात ठेवलास आणि कितीतरी वेळ दाबलं नाहीस. बाई काही बोलणार होत्या, मी त्यांना खुणेने थांबवलं. तू आधी माझे हात कुठे आहेत ते पाहिलंस. दोन्ही पाठीमागे होते. मग दाबलंस.

तुला उजेड कसा होता ते सांगतो. एकदम भपकन नाही आला. वेटोळ्याच्या एका टोकाला आधी थरथरला, मग आतल्या आत सरकत दुसऱ्या टोकाला गेला आणि स्थिर झाला. जांभळा म्हणतात, पण मधे थोडा गुलाबी होता. खालच्या गृहस्थांनी ‘अरे’ म्हटलं. मी मनात हिला म्हटलं, बघ, लावली एकदाची, उशीर झाला. तिच्यापुरतं मला एवढंच म्हणायचं होतं. तुला मात्र खूप सांगायचं होतं, पण तिथे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. ताई, त्या उजेडात मी नळीइतकंच तुझ्याकडे बघत होतो. तू होतीस म्हणून मी तिथे उभा राहू शकलो.

मिस्त्रीच्या बायकोचं पाकीट तू स्टेशनाजवळच्या पेटीत टाकलंस आणि पेटीच्या तोंडात बोटं घालून ते आत पडल्याची खात्री केलीस. मी बघितलं नाही असं दाखवलं. उत्तर येईल किंवा येणार नाही. आलं आणि ते शिव्यांचं असलं, तर आधी मला पाठव. मी वाचतो, मग ठरवू. फ्यूज तू विसरून गेलीस, का मुद्दाम ठेवलास ते मी विचारत नाही. तो हिच्या नळीशेजारी कपाटात आहे.

कुंड्यांत बोट घालतो. मोगऱ्याला चार कळ्या आहेत. खालचे गृहस्थ रोज वर येऊन मोजतात आणि पाणी जास्त झालंय म्हणतात.

आज भंगारवाला आला होता. ओव्हन, ट्रान्सफॉर्मर सगळं दिलं. तो कपॅसिटरचा डबा त्याने हातात घेतला आणि भोवतीची तार सोडायला लागला. म्हणाला, तांबं वेगळं काढावं लागतं. मी त्याच्या हातातून डबा काढून घेतला. तार पुन्हा घट्ट केली, वर चिठ्ठी बांधली आणि मगच परत दिला. तो हसत होता. म्हणाला, काका, एवढ्याशा मेलेल्या डब्याला कशाला एवढी तार?

मी म्हटलं, माझ्या बहिणीने सांगितलंय, ती काढायची नाही.

तुझा
खटपट्या